छायाप्रतींचा रुमाल बांधतांना काय वगळावें व कसें : भिगवणकडील कागदांचा एक अनुभव

इंदापूर तालुक्यांतील भिगवण व त्याच्या आसपासचीं भीमेकांठचीं गांवें यांतून मिळालेल्या जुन्या कागदांचीं छायाचित्रें घेण्याचें काम आम्ही गेलीं कांहीं वर्षें करीत आहों. त्या कामांत आमच्या हातून एक चूक घडली. संगणकावर छायाप्रतींचें गाठोडें बांधण्यासाठीं लिहिलेल्या एका ओळींतील दोन चांदण्यांची ती चूक होती, व तिच्यापायीं एक सबंध बस्ता अभ्यासकांच्या हातचा गेला. पुष्कळ ठिकाणीं आतां मूळ दप्तरापेक्षां त्याच्या छायाप्रतीच अधिक हाताळल्या जातात. तेव्हां त्या ओळीचा अर्थ काय, व ती कशी लिहावयास पाहिजे होती, हें सविस्तर सांगणें अवश्य आहे. ज्या वाचकांस संगणकाच्या आज्ञांचा कंटाळा आहे त्यांनींहि निदान मधला भाग वाचावा, अशी विनंती आहे.

प्रथम कागदांविषयीं थोडेंसें. उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झालें आणि भिगवणपर्यंत व त्याच्याहि वर भीमेचें पाणी तुंबलें. काठचीं गांवें उठून माळावर आलीं. पळसदेवाचें जुनें गांव पाण्याखालीं गेलें. तेथील पळसनाथाचें देऊळ दुष्काळाच्या वर्षीं पाणी ओसरलें म्हणजे पुन्हां दृष्टीस पडतें. आज या पाण्यावर रोहित पक्षी पाहण्यासाठीं दूरदूरचे लोक येतात, पण ज्यांचीं घरें खालीं राहिलीं त्यांच्या पेट्यांत काय होतें इकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. उठतांना लोकांनीं भांडीकुंडीं व देव आणले, तसे कांहींनीं कागदहि आणले. पत्र्याच्या डब्यांत, उशीच्या अभ्र्यांत, एका ठिकाणीं तर कणगींत. या कागदांस तालुक्याच्या इतिहासामुळें विशेष महत्त्व आहे. मुंबई इलाख्यांत जी नवी मोजणी व तीस वर्षांच्या मुदतीची जमाबंदी पुढें सर्वत्र चालू झाली, तिचा आरंभ गोल्डस्मिड व विंगेट यांनीं १८३५-३६ सालीं याच इंदापूर तालुक्यांत केला. त्यापूर्वीं प्रिंगलनें केलेली आकारणी रयतेस झेपली नव्हती व ती सोडून द्यावी लागली. त्या दिवसांत गांवोगांव प्रत्यक्ष वसूल किती झाला, सूट किती द्यावी लागली, हें सरकारी अहवालांतून कळतें. परंतु कुळकर्ण्यानें त्याच संध्याकाळीं लिहिलेल्या कच्च्या टांचणावरून कळावें तसें कळत नाहीं.

आतां एका पानाच्या छायाचित्रापासून किती फायली होतात तें पाहावें. कॅमेऱ्यांतून निघालेलें मूळ चित्र, त्यावरून सरळ करून ठेवलेली टिफ् प्रत, आणि वाचण्यासाठीं लहान केलेली जेपीजी प्रत, अशा तीन तरी होतातच. टिफ् प्रत दाबून लहान केली नाहीं तर ए-४ आकाराचें एक पान इंचास ३०० ठिपक्यांच्या हिशेबानें सुमारें २६ मेगाबाइट होतें, आणि ६०० ठिपक्यांनीं घेतलें तर त्याच्या चौपट, म्हणजे १०४ मेगाबाइटच्या आसपास जातें. याशिवाय यंत्र आपल्या सोयीसाठीं आपण न सांगतां ज्या फायली टाकून ठेवतें त्या निराळ्याच : विंडोजची थंब्स.डीबी, मॅकची डीएस-स्टोअर, आणि मॅकवरून दुसऱ्या जातीच्या तबकडीवर नक्कल केली म्हणजे प्रत्येक नांवामागें टिंब व अधोरेषा लावून उभी राहणारी छायाफाईल. हा केर गाठोड्यांत घालण्याचें कारण नाहीं. म्हणून 'हें हें सोडून बाकीचें बांध' असें संगणकास सांगावें लागतें. ही सोडण्याची खूण म्हणजेच नमुना. संगणकवाले त्यास पॅटर्न म्हणतात.

गाठोडें बांधण्याचें जें साधन आम्ही वापरतों त्याचें नांव टार. तें युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर १९७९ सालीं आलें. फिती हें त्या काळीं जतनाचें मुख्य साहित्य होतें आणि फितीवरील संग्रह या अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरूनच हें नांव पडलें आहे. त्याची रीत आपल्या रुमालासारखीच आहे. प्रत्येक फाईलीपुढें ५१२ बाइटांची एक चिठ्ठी असते. तीवर फाईलीचें नांव, आकार, शेवटच्या फेरफाराची वेळ इत्यादि नोंदलेलें असतें. मागोमाग फाईलीचा मजकूर. मग दुसरी चिठ्ठी. टार स्वतः कांहीं दाबून लहान करीत नाहीं, तें काम जीझिप वगैरे दुसऱ्या साधनाकडे सोंपवतें. मूळच्या चिठ्ठींत नांवासाठीं १०० बाइटांचीच जागा होती. नागरींतील एकेक खूण आजच्या यूटीएफ-८ पद्धतींत तीन बाइट घेते; 'भिगवण' या नांवांत भ, वेलांटी, ग, व, ण अशा पांच खुणा, म्हणून पंधरा बाइट. म्हणजे शंभर बाइटांत तेहतीसच खुणा बसावयाच्या! १९८८ च्या प्रमाण रचनेनें आणखी १५५ बाइटांची पुरवणी दिली, आणि २००१ च्या पॅक्स रचनेनें ही अडचण उरली नाहीं. तरी जुन्या साधनांशीं गांठ पडण्याचा संभव असेल तेथें मराठी नांवें आटोपशीर ठेवलेलीं बरीं.

आज्ञा रोमन अक्षरांत टंकावयाच्या असतात. येथें त्या वाचनासाठीं नागरींत दिल्या आहेत. सर्वांत साधी अशी :

टार -सीझेडएफ भिगवण.टार.जीझेड --एक्सक्लूड='थंब्स.डीबी' कागद

यांत 'सी' म्हणजे नवें गाठोडें बांध, 'झेड' म्हणजे दाबून बांध, 'एफ' म्हणजे पुढें येणाऱ्या नांवाची फाईल कर. शेवटीं 'कागद' हा बांधावयाचा फोल्डर. मधल्या शब्दानें थंब्स.डीबी नांवाची फाईल जेथें कोठें आढळेल तेथें सोडावी असें सांगितलें. येथवर कोणाची चूक होत नाहीं. चुका चांदणीपासून सुरू होतात.

चांदणी (*) म्हणजे कितीहि व कोणतींहि अक्षरें, मुळींच नसलीं तरी चालेल. प्रश्नचिन्ह (?) म्हणजे कोणतेंहि एक अक्षर. चौकोनी कंसांत लिहिलेल्या खुणांपैकीं कोणतीहि एक चालते. या तीन चिन्हांवर सर्व कारभार चालतो; परंतु हीं चिन्हें वाचणारे दोन आहेत, हें नवशिक्यास कोणी सांगत नाहीं. आपण ओळ लिहून कळ दाबली कीं ती प्रथम शेलच्या हातीं पडते, आणि शेल ती टारकडे धाडण्यापूर्वीं तींतील चांदण्या आपल्या परीनें उलगडून टाकतो. समजा, एका फोल्डरांत ००१.टिफ, ००२.टिफ, ००३.टिफ अशीं तीन चित्रें व कांहीं जेपीजी आहेत, व टिफ् सर्व सोडावयाचीं आहेत. कोणी लिहिलें :

टार -सीएफ पानें.टार --एक्सक्लूड *.टिफ .

तर टारपाशीं पोंचते ती ओळ अशी :

टार -सीएफ पानें.टार --एक्सक्लूड ००१.टिफ ००२.टिफ ००३.टिफ .

आतां टारनें काय समजावें ? वगळावयाचा नमुना एकच, ००१.टिफ. बाकीचीं दोन नांवें त्याच्या दृष्टीनें बांधावयाच्या जिनसा झाल्या. म्हणून पहिलें चित्र सुटतें आणि जीं सोडावयाचीं होतीं तीं उरलेलीं दोन गाठोड्यांत एकदां नव्हे तर दोनदां जातात. एकदां आपल्या नांवानें, आणि पुन्हां टिंबानें दर्शविलेल्या फोल्डराच्या पोटीं. यास उपाय सोपा आहे. नमुना एकेरी अवतरणचिन्हांत लिहावा. तीं चिन्हें पाहिलीं कीं शेल आंतील मजकुरास हात लावीत नाहीं. एक्सक्लूड या शब्दास बरोबरीचें चिन्ह जोडून लिहिलें तर बहुधा अवतरणावांचूनहि निभावतें, कारण '--एक्सक्लूड=' नें आरंभ होणारी फाईल शेलला सांपडत नाहीं व तो ओळ तशीच पुढें धाडतो. पण तें बॅश नांवाच्या शेलचें वर्तन झालें. मॅकवर २०१९ पासून झेड-शेल हाच मूळचा नेमलेला शेल असतो, आणि तो अशा वेळीं 'जुळणारें कांहीं नाहीं' म्हणून आज्ञाच नाकारतो. आम्हांस विचाराल तर झेड-शेलचें वागणें अधिक सचोटीचें आहे.

अवतरणांतून सुखरूप टारपर्यंत पोंचलेला नमुना टार कशाशीं जुळवून पाहतो, हा दुसरा प्रश्न. ग्नू टारचा नियम असा कीं, वगळणुकीचा नमुना नांवाच्या आरंभापासूनच जुळला पाहिजे असें नाहीं. मार्गांतील कोणत्याहि तिरप्या रेघेनंतर तो जुळला तरी पुरे. दुसरें असें कीं, यांतील चांदणी तिरपी रेघहि गिळते. आणि तिसरें, नमुना एखाद्या फोल्डराशीं जुळला तर त्या फोल्डराच्या पोटांतील सर्व कांहीं सुटतें. टार आंत डोकावून पाहतहि नाहीं. हे तिन्ही नियम निरनिराळे पाहिले तर सोयीचे आहेत. ते एकत्र आले म्हणजे काय होतें हें पुढील हकीकतीवरून दिसेल.

आमच्या संग्रहांत प्रत्येक घराण्याचा एक फोल्डर, त्यांत प्रत्येक बस्त्याचा एक, आणि बस्त्याच्या आंत 'कच्चे' या नांवाचा एक उपफोल्डर अशी मांडणी होती. कच्चे म्हणजे कॅमेऱ्यांतून निघालेलीं, सरळ न केलेलीं चित्रें. तीं जागा फार खात व पक्क्या प्रती झाल्यावर त्यांचा उपयोग नसे. गाठोडें बांधतांना तीं सोडावीं असें ठरलें. आज्ञा लिहिणाऱ्यानें, म्हणजे आम्हींच, लिहिलें :

--एक्सक्लूड='*कच्चे*'

दोन्ही बाजूंस चांदणी घातली म्हणजे कोठेंहि असलें तरी सुटेल, हा त्यामागील हिशेब. कच्चीं चित्रें सुटलींच. परंतु एका कुळकर्णी घराण्याच्या फोल्डरांत 'कच्चे-खर्डे' या नांवाचा एक बस्ता होता. हें नांव आम्हीं दिलेलें नव्हतें. ज्या फडक्यांत कागद बांधलेले होते त्यांतील चिठ्ठीवरच तसें मोडींत लिहिलेलें होतें, व तेंच आम्हीं फोल्डरास ठेवलें होतें. पक्क्या वहींत चढविण्यापूर्वीं रोजच्या देण्याघेण्याचें जें टांचण करीत त्यास खर्डा म्हणत, हें जमाखर्चाच्या कागदांत वावरणाऱ्या वाचकांस सांगावयास नको. आमच्या कचेरींतील 'कच्चे' आणि त्या कुळकर्ण्याच्या दप्तरांतील 'कच्चे' हे दोन शब्द एकाच ओळींत भेटले, आणि टारनें दोघांनाहि सारखाच न्याय दिला.

त्या वेळीं हें कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं. वगळलेल्या फाईलीविषयीं टार तक्रार करीत नाहीं. काम सुरळीत पार पडल्याचीच खूण देतें, कारण त्याच्या दृष्टीनें तें सांगितल्याप्रमाणेंच पार पडलेलें असतें. मूळ कागद आम्हीं मालकास रीतसर परत केले होते. पुढें ज्या तबकडीवर मूळ छायाप्रती होत्या ती निकामी झाली, आणि आम्ही निर्धास्तपणें गाठोडें सोडावयास बसलों. पक्क्या प्रती सर्व मिळाल्या, तो बस्ता तेवढा मिळाला नाहीं. भिगवणास धांव घेतली. मध्यंतरीं एका पावसाळ्यांत त्या घराची मागली भिंत खचली होती व पेटी कित्येक दिवस ओल्या मातीखालीं राहिली होती. त्या कागदांचा लगदा झालेला होता. फसली सनाचे आंकडे पाहतां त्यांतील कांहीं खर्डे प्रिंगलच्या आकारणीच्या दिवसांतले असावेत असा आमचा तर्क होता. तो आतां तर्कच राहणार. आमच्या टांचणवहींत आरंभींच्या कांहीं पानांचें लिप्यंतर आहे, तेवढेंच शिल्लक आहे.

लिहावयास पाहिजे होतें तें इतकेंच :

--एक्सक्लूड='कच्चे'

चांदणी नाहीं. नमुना कोणत्याहि तिरप्या रेघेनंतर जुळतो या नियमामुळें, कितीहि खोल असलेला 'कच्चे' हा फोल्डर यानें सुटला असता. आणि 'कच्चे-खर्डे' हें नांव पुरें जुळत नसल्यामुळें जागच्या जागीं राहिलें असतें. म्हणजे चांदण्या घालून आम्हीं जें साधावयास गेलों तें टार आपण होऊनच करीत होतें.

हीच गोष्ट दुसऱ्या उदाहरणानें पाहतां येईल. एका सहकाऱ्यानें वस्त्यांचीं आजचीं छायाचित्रें 'वाडी' या फोल्डरांत ठेवलीं होतीं व तीं वगळावयाचीं होतीं. नमुना 'वाडी' असा दिला तर तेवढाच फोल्डर सुटतो. '*वाडी' असा दिला तर त्याबरोबर तक्रारवाडी सुटते, मदनवाडी सुटते, आणि भिगवणच्या शेजाराचा निम्मा नकाशा कोरा होतो! मराठी ग्रामनामें शेंपटांत सारखीं असतात. वाडी, गांव, वडी, खुर्द, बुद्रुक. तेव्हां चांदणीनें आरंभ होणारा नमुना आपल्याकडे विशेष घातक आहे. तिरप्या रेघेचेंहि तसेंच. 'भिगवण*.जेपीजी' असें लिहिणाऱ्याच्या मनांत भिगवण या अक्षरांनीं सुरू होणारीं चित्रें असतात. परंतु चांदणी रेघ ओलांडते, म्हणून भिगवण नांवाच्या फोल्डरांतील सर्व पातळ्यांवरचीं जेपीजी चित्रें जातात. तें टाळावयाचें असेल तर नमुन्यापूर्वीं --नो-वाइल्डकार्ड्‌स-मॅच-स्लॅश हें लांबलचक कलम घालावें लागतें. नमुना नांवाच्या अगदीं आरंभापासूनच जुळावा असें हवें असेल तर --अँकर्ड हें कलम. मात्र तेव्हां आपण बांधावयाच्या जिनसेचें नांव ज्या रूपानें दिलें त्याच रूपानें नमुनाहि दिला पाहिजे. फोल्डर नुसत्या टिंबानें दाखविला असेल तर आंतील प्रत्येक नांवापुढें टिंब व रेघ लागते, आणि नमुन्यांतहि ती लागेल.

आणखी दोन खांचखळगे त्वरित सांगून टाकतों. फोल्डराच्या नांवापुढें शेवटीं तिरपी रेघ देण्याची पुष्कळांस संवय असते. ग्नू टारच्या वगळणुकींत 'कच्चे/' असें लिहिलें तर कांहींच सुटत नाहीं. आणि वगळणुकीचीं कलमें बांधावयाच्या जिनसेच्या आधीं लिहावींत. अलीकडच्या आवृत्त्यांत तीं आपल्या मागून येणाऱ्या नांवांवरच चालतात; शेवटीं लिहिलीं तर टार 'याचा कांहीं परिणाम नाहीं' असा इशारा देऊन सर्व कांहीं बांधून टाकतें. हे दोन्ही दोष गाठोडें फुगवणारे आहेत, रिकामें करणारे नव्हेत; म्हणून त्यांची आम्हांस फारशी भीति वाटत नाहीं.

नागरी लिपीमुळें उत्पन्न होणारी एक अडचण मात्र संगणकाच्या इंग्रजी पुस्तकांत सांपडावयाची नाहीं. बारामती ज्या नदीवर वसली आहे तिचें नांव कऱ्हा. या नांवांतील अर्धा र संगणकावर निरनिराळ्या रीतींनीं लिहितां येतो. नुक्त्याच्या र साठीं स्वतंत्र खूण आहे; तीच साध्या र पुढें नुक्ता जोडूनहि साधतां येते; आणि कांहीं कळफलक साधा र, पायमोड व एक अदृश्य जोडखूण अशा तिहींनीं तेंच रूप उमटवतात. पडद्यावर तिन्ही कऱ्हा सारख्याच दिसतात. नमुना जुळविणारें साधन दिसण्याकडे पाहत नाहीं, खुणांकडे पाहतें. मॅकची जुनी एचएफएस-प्लस ही फाईलरचना तर पहिल्या रीतीनें लिहिलेलें नांव आपण होऊन फोडून दुसऱ्या रीतीनें ठेवीत असे. तेव्हां 'कऱ्हा' हा नमुना देऊन 'कऱ्हा' फोल्डर सुटला नाहीं, तर यंत्रास भूत लागलें असें समजूं नये. पऱ्हा, वऱ्हाड, सातबाऱ्याचे उतारे, शेतकऱ्यांचे अर्ज, सर्वत्र हेंच. आम्ही आतां अशा नांवांच्या फोल्डरांस रोमन आद्याक्षरें व क्रमांक देतों आणि मराठी नांव आंतील यादींत लिहितों. तें दिसावयास चांगलें नाहीं, पण निभतें.

प्रश्नचिन्हाचाहि येथें घोटाळा होतो. तें एका खुणेशीं जुळतें, एका अक्षराशीं नव्हे. आपण 'कि' हें एक अक्षर मानतों. संगणकास तें क आणि वेलांटी असें दोन वाटतें. शिवाय यंत्राची भाषाव्यवस्था यूटीएफ-८ वर नेमलेली नसेल तर एकेक खूणहि तीन तुकड्यांत मोजली जाते. आंकड्यांच्या पल्ल्याचे नमुने, म्हणजे कंसांत अमुकपासून अमुकपर्यंत असें लिहिलेले, यांचा अर्थहि भाषाव्यवस्थेप्रमाणें बदलूं शकतो; नागरी आंकडे असलेल्या नांवांसाठीं त्यांवर विसंबूं नये.

नमुने वाढले म्हणजे ते आज्ञेंत न लिहितां एका फाईलींत ओळीस एक असे लिहून --एक्सक्लूड-फ्रॉम या कलमानें द्यावेत. याचा मोठा लाभ असा कीं ती फाईल गाठोड्यांत घालतां येते. पुढें सोडणारास काय वगळलें होतें तें कळतें. परंतु याहूनहि आम्हांस पसंत पडलेलें कलम --एक्सक्लूड-टॅग हें आहे. त्यांत नमुना नसतोच. जो फोल्डर सोडावयाचा त्यांत ठरलेल्या नांवाची एक लहानशी फाईल ठेवावी, आणि तेंच नांव या कलमास द्यावें. टार त्या फोल्डरांतील बाकी सर्व सोडतें, पण फोल्डर व ती खुणेची फाईल मात्र गाठोड्यांत घेतें. दप्तरखान्यांत रुमालांतून एखादा कागद बाहेर काढला तर त्याच्या जागीं चिठ्ठी ठेवावी तशांतलाच हा प्रकार. खुणेच्या फाईलींत 'कॅमेऱ्यांतील मूळ चित्रें, पक्क्या प्रती शेजारच्या फोल्डरांत' असे दोन शब्द लिहून ठेवले तर वीस वर्षांनीं येणाऱ्या माणसास विचारावयास कोणी नसलें तरी चालतें. फोल्डरासकट सर्व सोडावयाचें असेल तर --एक्सक्लूड-टॅग-ऑल असें निराळें कलम आहे. तें आम्ही वापरीत नाहीं.

निवड करणें हें इतिहाससंशोधकास नवें नाहीं. रियासतकार सरदेसाई यांनीं पेशवे दप्तरांतून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळांत प्रसिद्ध झाले. त्या निवडीविषयीं त्या वेळीं व पुढेंहि मतभेद झाले. परंतु सरदेसायांनीं जो कागद घेतला नाहीं तो पुण्याच्या दप्तरखान्यांत आपल्या रुमालांत राहिला, व त्यांच्याशीं मतभेद असणारास तेथें जाऊन तो काढतां आला. छायाप्रतींच्या गाठोड्यांत ती सोय नाहीं. मूळ तबकडी गेली कीं निवडलेलें तेवढेंच उरतें, आणि न निवडलेलें कांहीं होतें याची साक्षहि उरत नाहीं. शिवाय सरदेसाई कागद वाचून बाजूस ठेवीत; नमुना नांव पाहून ठेवतो.

म्हणून बांधण्यापूर्वीं तपासणें आलें. त्याची आमची सध्यांची रीत अशी. गाठोड्याचें नांव म्हणून /डेव्ह/नल हें द्यावें. युनिक्समध्यें हें कधींहि न भरणारें शून्य भांडें आहे. ग्नू टार तें ओळखतें, फायलींचा मजकूर वाचण्याचे कष्ट घेत नाहीं, आणि 'व्ही' हें अक्षर जोडलें असेल तर काय काय बांधलें असतें त्याची यादी क्षणार्धांत देतें. ही यादी दोनदां करावी. एकदां वगळणुकीसह, एकदां वगळणुकीवांचून. दोन्ही क्रमवार लावून डिफ् या साधनानें ताडून पाहाव्या. जो फरक निघेल ती वगळलेल्या फायलींची संपूर्ण यादी. ती एका माणसानें ओळ न ओळ डोळ्यांखालून घालावी, आणि तो माणूस शक्यतों नमुना लिहिणारा नसावा. आमच्या त्या गाठोड्याची अशी यादी आम्हीं पाहिली असती तर तींत 'कच्चे-खर्डे' हे शब्द शेंकडों वेळां आले असते. न दिसणें अशक्य होतें. नंतर खरें गाठोडें बांधून झाल्यावर 'टी' या अक्षरानें त्यांतील यादी काढून पुन्हां एकदां पहिल्या यादीशीं ताडावी. मूळ तबकडी जागेवर असतां 'डी' या अक्षरानें गाठोडें व मूळ फायली यांची प्रत्यक्ष तुलनाहि करतां येते.

वर सांगितलेले नियम ग्नू टारचे आहेत. मॅकवर व २०१८ पासून विंडोज १० वर जें टार येतें तें दुसऱ्या घराण्याचें आहे; त्याचीं कलमें पुष्कळशीं सारखीं असलीं तरी बारकावे सर्वस्वीं सारखे नाहींत, व लांब कलमांपैकीं कित्येक त्यास ठाऊक नाहींत. झिप् या साधनांत वगळणुकीसाठीं 'एक्स' हें अक्षर आहे. तेथें चांदणी तिरपी रेघ ओलांडते, पण नमुना सबंध मार्गाशीं जुळावा लागतो, म्हणून नुसतें 'कच्चे' लिहून भागत नाहीं, '*/कच्चे/*' असें लिहावें लागतें. आरसिंक् या नकला करणाऱ्या साधनांत याच्या उलट : एक चांदणी रेघ ओलांडीत नाहीं, ओलांडावयाची असेल तर दोन चांदण्या जोडून लिहाव्या लागतात, आणि शेवटीं दिलेली तिरपी रेघ 'फक्त फोल्डर' असा अर्थ देते. एका साधनांत पाठ झालेला नमुना दुसऱ्यांत जसाच्या तसा चालविणें म्हणजे शुहूर सनाची तारीख फसली समजून काढण्यासारखें आहे.

संग्रहाच्या अनुक्रमणिकेंत त्या बस्त्याचा क्रमांक आम्हीं काढून टाकलेला नाहीं. त्यापुढें 'मूळ नष्ट, छायाप्रत नाहीं, आरंभींच्या पानांचें लिप्यंतर टांचणवहींत' असा शेरा आहे. छायाचित्रें घेण्याचें काम चाललें असतां भिगवण व पळसदेव बाजूचे कांहीं अभ्यासक आमच्याकडे येऊन गेले, व त्यांपैकीं कोणीं आपल्या उपयोगासाठीं पानांच्या नकला वा फोनवर चित्रें घेतलीं असण्याचा संभव आहे. तशीं कोणापाशीं असतील तर, एखाददुसरें पान असलें तरी, त्यांनीं मंडळास अवश्य कळवावें.